एकाच बसमधले दोघे

(सतत बसून राहिल्याने शरीरावर काय परिणाम होतो? हा प्रश्न शास्त्रज्ञांना कसा पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी कसे शोधले, हे या पाठात एका शिक्षिकेने सांगितले आहे.)

माझे अब्बा मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. पुस्तकी मराठीत कंडक्टरला वाहक म्हणतात आणि ड्रायव्हरला चालक. आमच्या घरी मात्र हे शब्द कोणी वापरत नसे. अम्मी तर नुसते 'ड्युटी' म्हणायची. अब्बा ड्युटीवर गेले, अब्बा ड्युटीवरून आले.

बरीच वर्षे अब्बांची ड्युटी डबलडेकर बसवर होती. मुंबईत डबलडेकर बस 1937 साली सुरू झाली. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाल्या. विजेवर चालणाऱ्या नव्या डबलडेकर त्याच वर्षी रस्त्यावर आल्या. जुन्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. अब्बांना वरचा मजला आवडे. तिथे वारा छान लागतो, असे ते म्हणत.

लहानपणी मी एकदोनदा अब्बांच्या बसमधून गेले होते. बस हलायची, वळणावर झुकायची. अब्बा मात्र कशालाही न धरता बाकांमधल्या अरुंद वाटेतून पुढेमागे फिरायचे. हातात तिकिटांची पत्र्याची पेटी, खांद्याला चामड्याची पिशवी आणि बोटांत पंच. पंचाचा 'टिक टिक' आवाज ऐकला की लोक सुटे पैसे काढायचे. ड्युटी संपवून घरी आले की अब्बा बादलीत कोमट पाणी घेत आणि त्यात पाय बुडवून बसत. ते पाहून अम्मी म्हणायची, "ड्रायव्हरची नोकरी बरी. दिवसभर बसून तर असतात!"

आम्हां भावंडांनाही तसेच वाटे. ज्याला बसायला मिळते तो सुखी आणि ज्याला उभे राहावे लागते तो बिचारा.

पुढे मी शिक्षिका झाले. एकदा एका पुस्तकात मी लंडनमधल्या बसची हकिगत वाचली, आणि मला अम्मीचे ते बोलणे आठवले.

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले. त्यानंतरच्या काळात इंग्लंडमधील डॉक्टरांना एक काळजी वाटू लागली. हृदयविकाराच्या झटक्याने मरणाऱ्या माणसांची संख्या वाढत होती. त्यांत मध्यम वयाचे पुरुष पुष्कळ होते. असे का होते, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले. माणूस दिवसाचा मोठा भाग कामावर घालवतो. तेव्हा वेगवेगळी कामे करणाऱ्या माणसांची तुलना करून पाहावी, असे त्यांच्या मनात आले.

पण तुलना करणे वाटते तितके सोपे नसते. समजा, आपण एका श्रीमंत सावकाराची आणि एका हमालाची तुलना केली. सावकार बसून असतो आणि हमाल ओझी वाहतो, हे खरे. पण दोघांचे जेवण वेगळे, घर वेगळे, औषधपाणी वेगळे. मग सावकाराचा आजार बसण्यामुळे झाला की तुपामुळे, हे कसे ओळखायचे? त्यासाठी इतर बाबतींत सारखी, पण कामात वेगळी अशी माणसे हवीत.

अशी माणसे मॉरिस यांना लंडनच्या डबलडेकर बसमध्ये सापडली. चालक आणि वाहक! बस तीच, रस्ता तोच, धूर तोच, मालकही तोच. बहुतेक जण सारख्याच वस्तीत राहणारे. फरक एवढाच की चालक आपल्या पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून असे, आणि वाहकाला बसायला फुरसत नसे. लंडनच्या बसवर वाहक एकच असायचा. त्यामुळे तिकिटे देण्यासाठी त्याला सारखे वर जावे लागे आणि सारखे खाली यावे लागे. मोजदाद केली तेव्हा असे दिसले की वाहक कामाच्या दिवशी 500 ते 750 पायऱ्या चढतो. चार मजली इमारतीला साधारण ऐंशी पायऱ्या धरल्या, तर ती इमारत रोज सहा ते नऊ वेळा चढण्यासारखे हे झाले.

मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 आणि 1950 या वर्षांतील आजारांच्या नोंदी तपासल्या. बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे यांवर काम करणाऱ्या, 35 ते 64 वर्षे वयाच्या सुमारे 31,000 पुरुषांच्या या नोंदी होत्या. 1953 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. एका वर्षात दर हजार चालकांमध्ये 2.7 जणांना हृदयाचा हा आजार होत होता. वाहकांमध्ये हेच प्रमाण 1.9 होते. शिवाय झटका आल्यावर थोड्याच काळात मृत्यू येण्याचे प्रमाणही चालकांमध्ये जास्त होते.

मुलांनो, दशांश चिन्ह असले की आकडा लहान वाटतो. म्हणून आपण जरा गणित करू. दहा हजार चालक घेतले, तर वर्षाला 27 जण आजारी. दहा हजार वाहक घेतले, तर 19. फरक आठाचा. आता दहा वर्षे धरा. ऐंशी माणसे होतात. म्हणजे ऐंशी घरे, आणि त्या घरांतली मुले. हा फरक लहान म्हणता येईल का?

मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. बसवाल्यांचे जे झाले ते टपालखात्यात होते का, तेही त्यांनी पाहिले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात टेबलाशी बसून काम करणारे कारकून व टेलिफोनवाले यांची त्यांनी तुलना केली. तिथेही तेच दिसले. हिंडणाऱ्यांना हृदयाचा आजार कमी, बसणाऱ्यांना जास्त.

तरीही काही जाणकारांनी शंका काढली. ती अगदी योग्य होती. ते म्हणाले, कशावरून बसण्याने आजार होतो? कदाचित मुळात जाड असलेली माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील! ही शंका तपासण्यासाठी मॉरिस यांनी एक मजेदार युक्ती केली. सर्व चालकांना व वाहकांना गणवेश मिळत असे आणि शिंप्याने घेतलेली मापे कचेरीत लिहून ठेवलेली होती. त्यांनी पाटलोणीच्या कमरेची मापे काढली. 1956 साली त्यावर लेख लिहिला. चालकांची कमर खरोखरच मोठी होती, अगदी तरुण चालकांचीसुद्धा. म्हणजे शंकेत तथ्य होते. पण सारख्याच कमरेचे चालक आणि वाहक समोरासमोर ठेवले, तेव्हा बारीक चालकांचे प्रमाणही बारीक वाहकांपेक्षा वाईटच निघाले. फक्त जाडपणाने हा फरक समजावता येत नव्हता. मला स्वतःला या सगळ्या संशोधनात पाटलोणीची ही गोष्टच सर्वांत आवडते. एखादी गोष्ट सिद्ध करायची तर आपल्याविरुद्धची शंकाही आपणच तपासायची असते.

ही हकिगत मी आमच्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "टीचर, माझे नाना पन्नास वर्षे शिलाई मशीनवर बसले. आता ते ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना काहीच झाले नाही."

सगळा वर्ग हसला. मी मात्र त्याला शाबासकी दिली. नाना ठणठणीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एका माणसावरून नियम ठरत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. दहा हजार चालकांपैकी 9,973 जणांना त्या वर्षी तो आजार झालाच नव्हता. नाना त्यांतले. म्हणूनच एका माणसाकडे न पाहता हजारो माणसांकडे पाहावे लागते.

नाना शिलाईकाम करतात म्हणून सांगते, शिंप्यांची दुखणी वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. इटलीमध्ये बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. त्यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. ते कारागिरांच्या दुकानांत जात, त्यांना विचारत, पाहत. शिंपी आणि चांभार दिवसभर वाकून बसतात. त्यामुळे त्यांची पाठ वाकते, पाय बधिर होतात, असे त्यांनी लिहून ठेवले. अशा लोकांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा त्यांचा सल्ला होता.

बसल्याने शरीरात नेमके काय होते, याची आज आपल्याला पुष्कळ माहिती आहे. आपल्या शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि कुल्ल्यांत असतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती इंधनासारखी वापरतात. आपण बसलो की ते जवळजवळ बंद पडतात. गिरणी बंद, पण धान्याच्या गोण्या येतच आहेत, अशी ती अवस्था होते. जेवणानंतर साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. एखाद्या दिवशी असे झाले तर काही बिघडत नाही. पण हेच रोज आणि वर्षानुवर्षे चालले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. रक्तवाहिन्या आणि हृदय यांनाही त्रास होतो. या गोष्टीला आवाज नसतो, दुखणेही नसते. दात दुखला की आपण लगेच दवाखान्यात जातो. रक्तातली साखर वाढली तर बरेचदा कित्येक महिने कळतसुद्धा नाही.

पायांतल्या रक्ताचेही तसेच आहे. पायांकडून रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. फार वेळ हालचाल न करता बसले, तर तिथले रक्त संथ होते आणि कधी कधी त्याची गुठळी बनते. 1940 साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र रात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत, कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. खुर्चीच्या पुढच्या दांड्याचा दाब मांडीखाली पडे. त्या काळात पायांतली गुठळी फुप्फुसात जाऊन काही जण दगावले. कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी त्याच वर्षी हे लक्षात आणून दिले. बॉम्बपासून वाचलेली माणसे खुर्चीने नेली!

आणखी एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. तो बसण्याचा नाही, पडून राहण्याचा आहे. 1966 साली अमेरिकेतील डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. उठले तेव्हा त्यांची श्रम करण्याची ताकद खूपच घटली होती. पुढे व्यायाम करून त्यांनी ती परत मिळवली. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासले. तेव्हा ते पन्नाशीचे झाले होते. निष्कर्ष असा निघाला की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद कमी झाली होती, त्याहून जास्त ताकद त्या तीन आठवड्यांनी कमी केली होती.

आता पुन्हा आमच्या घरी येऊ. 2014 साली अब्बा निवृत्त झाले. सर्वांनी त्यांना सांगितले, "आयुष्यभर उभे राहिलात, आता आराम करा." माझ्या भावाने त्यांच्यासाठी एक मोठी मऊ खुर्ची आणली. ती टीव्हीसमोर ठेवली. पाणी हवे तर नातवंडे आणून देत. भाजी अम्मी आणायची. मशीद चाळीला लागूनच होती. अब्बा सकाळी खुर्चीत बसत ते बहुतेक वेळ तिथेच. आम्हांला वाटे, आपण त्यांची खिदमत करतो आहोत. दोन वर्षांनी त्यांना सारखी तहान लागू लागली, थकवा येऊ लागला. रक्त तपासले तर साखर खूप वाढलेली. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभर काय करता?" अब्बा अभिमानाने म्हणाले, "काही नाही. मुले काही करूच देत नाहीत." डॉक्टर आमच्याकडे पाहत राहिले.

अब्बांचा मधुमेह फक्त त्या खुर्चीमुळे झाला, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या आईलाही तो होता आणि अब्बांना गोड फार आवडते. नानांच्या बाबतीत जो नियम मी वर्गाला सांगितला, तो माझ्या अब्बांनाही लागू आहेच. पण डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सोबत खुर्ची सोडायलाही सांगितले. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही बजावले.

ज्यांचे कामच बसून करायचे आहे त्यांनी काय करावे? जरीकाम करणारे, कारकून, रिक्षावाले, संगणकावर काम करणारे, सगळे काही नोकरी सोडू शकत नाहीत. मॉरिस यांनाही हा प्रश्न पडला होता. म्हणून पुढे त्यांनी टेबलाशी बसणारे सरकारी नोकरच अभ्यासासाठी निवडले. 1973 साली त्याचे निष्कर्ष आले. फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्या नोकरांमध्ये हृदयविकार इतरांच्या निम्म्याहूनही कमी होता. 2016 साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्या, पण रोज 60 ते 75 मिनिटे भराभर चालण्यासारखी हालचाल करणाऱ्या माणसांमध्ये बसण्यामुळे अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसला नाही. तासन्‌ तास टीव्ही पाहणाऱ्यांचा धोका मात्र एवढ्या हालचालीने कमी झाला, तरी पूर्ण गेला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे चालल्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढली. म्हणजे मधून मधून उठणेसुद्धा वाया जात नाही.

उठणे म्हणजे नुसते उभे राहणेही नव्हे. भिवंडी आणि मालेगावच्या मुलांना हे मी सांगायला नको. यंत्रमागावर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगारांचे पाय सुजतात, हे त्यांनी घरीच पाहिले असेल. शरीराला हवी असते ती हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे चांगली हालचाल करावी आणि बसण्याचा वेळ, विशेषतः पडद्यासमोरचा, कमी ठेवावा. शाळेचा बाक, मग शिकवणीचा बाक, मग घरी मोबाइल. तुमच्या दिवसातून ही साठ मिनिटे निघतात का, ते तुम्हीच मोजून पाहा. मुलींना तर मैदानच मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. आमच्या शाळेत आता आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी असते. ते मिळवायला आम्हां शिक्षिकांना एक वर्ष लागले.

मॉरिस स्वतः पोहत आणि चालत. 2009 साली ते वारले तेव्हा 99 वर्षांचे होते. पण यावरूनही नियम काढायचा नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

अब्बा आता असरच्या नमाजासाठी स्टेशनपलीकडच्या मशिदीत पायी जातात. वाटेत पादचारी पूल लागतो. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर होते. पुलावर पोचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "बेचाळीस."

"काय बेचाळीस, अब्बा?"

"पायऱ्या. तुझ्या त्या लंडनवाल्याला पाचशे करायला असे बारा पूल लागतील."

घरी आल्यावर अम्मी सवयीने बादली काढायला उठली. अब्बा म्हणाले, "पाणी नको. साखर असली की गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, डॉक्टरांनी सांगितले आहे ना? नुसते तळवे बघ, कुठे जखम तर नाही." अम्मीने चष्मा लावला आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

शब्दार्थ
वाहक – कंडक्टर. चालक – ड्रायव्हर. सुमारे – अंदाजे, तकरीबन. मोजदाद – मोजणी, गिनती. नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, साप्ताहिक इत्यादी, रिसाला. पाटलोण – पँट, पतलून. तथ्य – खरेपणा. बधिर – संवेदना नसलेला, सुन्न. रेंगाळणे – उगाच थांबून राहणे. गुठळी – घट्ट झालेला गोळा. निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले उत्तर, नतीजा. बजावणे – ठासून सांगणे, ताकीद देणे. पादचारी – पायी चालणारा.

स्वाध्याय
1. सावकार आणि हमाल यांची तुलना मॉरिस यांच्या कामी का आली नसती?
2. पाटलोणीच्या मापांवरून कोणती शंका तपासली गेली? तिच्यात किती तथ्य निघाले?
3. 'बॉम्बपासून वाचलेली माणसे खुर्चीने नेली,' असे लेखिका का म्हणते?
4. डॉक्टर 'आमच्याकडे पाहत राहिले'. त्यांच्या मनात काय आले असेल? तीनचार वाक्यांत लिहा.
5. वाक्यात उपयोग करा : मुळाशी जाणे, शंका काढणे, लक्षात आणून देणे.
6. उपक्रम : शाळेच्या एका दिवसात आपण किती तास बसतो, किती वेळ चालतो आणि किती पायऱ्या चढतो, याची नोंद वहीत करा. घरातील एका मोठ्या माणसाचीही तशीच नोंद करा आणि दोन्हींची तुलना वर्गात वाचून दाखवा.